घास कुणासाठी?

आमची सून सोसायटीच्या बागसमितीवर आहे. परवा तिने बियांचं एक पाकीट आणून माझ्या हातात दिलं. फाटकापाशी जी हिरवळ आहे ती पाणी फार पिते आणि इतकं पिऊनही उन्हाळ्यात जळते, म्हणून ती काढून तिथे क्लोव्हर नावाचं काहीतरी पेरायचं समितीने ठरवलं आहे. "आई, हे बारमाही आहे," ती मला समजावून सांगू लागली, "एकदा पेरलं की वर्षानुवर्षं येत राहतं. आणि याच्या फुलांवर मधमाश्या येतात." पाकिटावर चित्र होतं, एका देठाला तीन पानं. ते बघितलं आणि मला जे हसू फुटलं ते थांबेचना. कवळी सांभाळायची वेळ आली. सुनेला वाटलं मला ठसका लागला, ती पाणी आणायला धावली.

तिला काय सांगणार? या पाकिटातल्या झाडाच्या चुलतभावाची मी एके काळी नवऱ्याला भाजी करून घालत होते, तीही चांगली महिना-दीड महिना, आणि वर वाढताना "आणखी घ्या" म्हणत होते.

मार्गशीर्षातली थंडी चिंचवडला अजून पडते. पण आताच्या थंडीत मला ती जुनी थंडी सापडत नाही. तेव्हा ती पवनेच्या पात्रातून वर यायची आणि माळावर कुणाचीच आडकाठी नसल्यामुळे थेट आमच्या दारापर्यंत पोचायची. सकाळी नळाखाली बादली लावली की हात लाल व्हायचे. शेकोटीचा धूर, ओल्या मुरमाचा वास, आणि सात वाजता कारखान्याचा भोंगा. त्या भोंग्याने मी पहिल्या दिवशी हातातलं भांडं टाकलं होतं. पुढे पुढे मात्र तो झाला नाही तर दूध उतू जायचं, कारण कधी उतरवायचं ते मी त्याच्यावरून ठरवायची.

पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. लग्न होऊन दिवाळीनंतर मी इथे आले. माझे यजमान, म्हणजे हे (मी त्यांना जन्मभर ‘हे’च म्हटलं, आता काय बदलू), नव्या कारखान्यात लेथवर होते. कारखान्याच्या पाठीमागे बैठ्या घरांच्या दोन रांगा, त्यातलं शेवटून दुसरं घर आमचं. पुढे दोन पायऱ्या, मागे तारेच्या कुंपणात चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा. आमच्याकडे त्याला मागीलदार म्हणतात. त्या मागीलदारी काय होतं? मुरूम, दोन खडक आणि एक पिचका एरंड.

मी राजापूरच्या खालच्या अंगाची, खाडीकाठची. बाबांची लहानशी सुपारीची बाग होती आणि बागेच्या गडग्यात, दगडांच्या फटीत, सातेरी माश्यांचं पोळं होतं. बाबा त्याला कुणाला हात लावू देत नसत. मी न्हाणीघरात असो, विहिरीवर असो, झोपलेली असो, ती गुणगुण कानावर असायचीच. असते तोवर ती ऐकू येत नाही. चिंचवडच्या त्या माळावर पहिल्याच दुपारी, हे कामावर गेलेले असताना, मला तिची उणीव ऐकू आली. वारा होता, मालगाडी होती, कारखान्याची घरघर होती, पण काही गुणगुणत नव्हतं. संध्याकाळी हे आले तर मी उंबऱ्यावर बसून रडत होते. कारण विचारलं तर काय सांगू? म्हटलं, "इथे माश्या नाहीत."

"अगो, माश्या नाहीत हे बरंच की," हे म्हणाले. घरमाश्यांबद्दल बोलतेय असं त्यांना वाटलं.

मग खरं काय ते सांगितलं. त्यावर यांनी आरशामागून एक कागद काढून मला दाखवला. उमेदवारी संपून ते कायम होणार होते, पण त्यासाठी पाच वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून द्यायचं होतं. सही करायला शिमग्यानंतरच्या सोमवारपर्यंत मुदत होती. "तोवर तू बघ," हे म्हणाले. "मन रमलं तर सही करतो. नाही रमलं तर नाही करत, गावी जाऊन बाग बघू. तू सांगशील तसं." आणि कागद पुन्हा आरशामागे ठेवला. लेथबद्दल बोलताना या माणसाचे डोळे कसे चमकतात ते मी पुढच्या आठ दिवसांतच पाहिलं. तरी त्याने सगळं माझ्या जिभेवर ठेवलं. रोज वेणी घालायला आरशासमोर उभी राहिले की तो कागद मागून कुरकुरायचा.

तर, मन रमावं म्हणून मी मागीलदारी काहीतरी लावायचं ठरवलं. नदीकाठची काळी माती एका बैलगाडीवाल्याकडून टाकून घेतली, खडक हलवले आणि यांना म्हटलं, पुण्याला जाताय तर लावायला लसूण आणा. आमच्या दोघांच्याही घरात कधी लसूण लावलेली नव्हती. आमच्याकडे लसूण दुकानातून यायची. ती पाकळीने लावतात हे मलाही ठाऊक नव्हतं आणि यांना तर नव्हतंच. मंडईजवळच्या बियाण्यांच्या दुकानात हे गेले आणि "लसूण द्या, लावायचीय" म्हणाले. दुकानदाराने विचारलं, "बी ना?" यांनी ऐटीत सांगितलं, "बीच." त्याने पुडी बांधून दिली. पिवळसर, बारीक, राजगिऱ्याहून थोडं मोठं बी. मी ते एका दिवसात पेरून टाकलं आणि भांडी विसळलेलं पाणी घालू लागले.

आठवड्यात हिरवं झालं. पंधरा दिवसांनी बघते तर प्रत्येक देठाला तीन तीन पानं. "ही कसली लसूण?" मी म्हटलं. हे वाकून बघत राहिले. "देशावरची असेल," म्हणाले. मी एक पान चावून बघितलं. लसूण नाही हे नक्की होतं. मेथी असावी, दुकानदाराने चुकून दिली असावी. मेथीचा कडवटपणा नव्हता, पण पुण्याकडची मेथी गोडच असेल असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. ठरवलं की मोकळं वाटतं. मी शेंडे खुडून भाजी केली. लसणीची फोडणी, दोन मिरच्या, वरून खोबरं. चांगली झाली. मग मी ती करतच राहिले. शेजारणीलाही वाटीभर दिली.

आमच्याकडे दुधाचा रतीब रहाटणीच्या हौसाबाईंचा होता. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, कपाळावर आडवं कुंकू, नऊवारीचा काचा असा घट्ट की त्या चालायला लागल्या की आम्ही बाजूला व्हायचो. पहाटे नदीच्या उतारातून पाणी तुडवत यायच्या, डोक्यावर चरवी. एरवी त्या पुढच्या दारानेच दूध घालून जायच्या. एके दिवशी कसल्याशा कारणाने मागून आल्या आणि माझ्या वाफ्यापाशी थबकल्या.

"घास कुनासाठी लावलाय गं?"

"यांच्यासाठी," मी म्हटलं.

"कुनासाठी?"

"आमच्या यांच्यासाठी. दुसरं कोण आहे घरात?"

हौसाबाईंनी डोक्यावरची चरवी दोन्ही हातांनी धरली. "नवऱ्याला घालतीस? रोज?"

"रोज कुठे. आठवड्यातून दोनदा-तीनदा."

"आन् खातो?"

"आवडीने खातात. फोडणी देते ना."

चरवी खाली आली. पाठोपाठ हौसाबाईही खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून डुलायलाच लागल्या. मला कळेना, बाईंच्या पोटात दुखतंय की काय. "अगं बया," त्या शेवटी म्हणाल्या, डोळ्यांना पाणी, "अगं लेकी, ह्यो लसूणघास हाय! म्हशीचा चारा! आमी म्हशीला घालतो, तू नवऱ्याला घातलास!"

आमच्या कोकणात घास म्हणजे तोंडातला. आई मुलाला भरवते तो. इकडे घास म्हणजे म्हशीपुढचा, आणि तोही लसणीच्या नावाचा, ज्याला लसणीचा वाससुद्धा नाही. दुपारपर्यंत दोन्ही रांगांना बातमी कळली होती. यांचे लेथवरचे दोस्त मधल्या सुट्टीत यांच्यापुढे हंबरायला लागले. आणि मी झाले घासवाल्या वहिनी. पुढे कॉलनीतून घर बदललं, बंगल्यात गेलो, बंगला पाडून ही सोसायटी उभी राहिली, तरी परवापरवापर्यंत एक म्हातारे गृहस्थ फाटकातून मला "काय घासवाल्या वहिनी" म्हणून हाक मारायचे.

हे मात्र एक दिवस मुद्दाम पुण्याला जाऊन दुकानदाराला भेटून आले. भांडायला गेले होते, गोष्ट ऐकून परत आले. या गवताचं साहेबी नाव लुसर्न. खडकीच्या फौजेतल्या घोड्यांसाठी साहेबाने ते लावलं, आणि आपल्या माणसांनी लुसर्नची लसूण करून ते म्हशींना खाऊ घातलं. मला हे फार आवडलं. परक्याला घरात घ्यायचं तर आधी त्याला आपल्या जिभेवर बसेल असं नाव द्यायचं. आमच्या घरांनाही कारखान्याच्या कागदावर इंग्रजीत ‘क्वार्टर्स’ असं भारदस्त नाव होतं. हौसाबाई त्याला काटर म्हणायच्या, आणि वर्षभराने आम्हीही तेच म्हणत होतो.

त्या सकाळपासून आमचा आणि हौसाबाईंचा करार झाला. भाजी बंद. घास त्या विळ्याने कापून नेणार आणि मला रोज मापाच्या वर थोडं दूध घालणार. कापायला त्यांनीच शिकवलं, जमिनीपासून चार बोटं सोडून. हातात मूठ घेऊन विळा स्वतःकडे ओढायचा, भाजी चिरल्यासारखा करायचा नाही. ओला घास म्हशीला घातला तर पोट फुगतं, म्हणून त्या तो आधी आमच्या कुंपणावर वाळत घालायच्या, धुणं घालावं तसा. एकदा वाफ्यात सोन्याच्या तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. मला ते भारी सुंदर वाटलं. हौसाबाईंनी ते मुळासकट उपटून चुलीत घातलं. "अमरवेल हाय. ही ऱ्हायली तर घास ऱ्हात न्हाई," म्हणाल्या. बोलताना त्या कधी माझ्याकडे बघत नसत, घासाकडे बघत. आईला पत्र लिहायला बसले की मी दोन ओळी यांच्याबद्दल लिहायची आणि पानभर हौसाबाईंबद्दल. तरी आरशामागचा कागद मागून कुरकुरायचाच.

माघात त्यांची लेक बाळंतपणाला ताथवड्याहून यायची होती, ती येऊ शकली नाही, म्हणून हौसाबाईच तिकडे गेल्या. रतीबाला त्यांची जाऊ येऊ लागली, तिला घासाशी कर्तव्य नव्हतं. वाफा कापायचा राहिला. हातभर वाढला, आणि एका सकाळी त्याच्या शेंड्यांना जांभळे तुरे दिसले. हा प्रकार मी पहिल्यांदाच बघत होते, कारण हौसाबाई कधी फुलावर येऊच देत नसत. चार दिवसांत अख्खा वाफा जांभळा झाला.

आणि मग एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. निवडता निवडता हात थांबला. काय बदललंय ते कळेना. ताट बाजूला ठेवून मागच्या दाराशी गेले. सगळा वाफा गुणगुणत होता.

कुठून आल्या होत्या कोण जाणे. नदीकाठच्या करंजांच्या ढोलीतून म्हणा, देवळाच्या शिखरातून म्हणा. सातेरी होत्या, बोटाच्या पेराएवढ्या आग्याही दोन-चार होत्या, आणि घरमाशीएवढ्या फुलोऱ्या. मी पायरीवर बसून बघत राहिले. या फुलाची एक खोड आहे. माशी आत तोंड घालायला गेली की फुलातली कांडी फटकन वर येते आणि माशीच्या हनुवटीवर बसते. नवख्या माश्या दचकून उडायच्या, जुन्या शहाण्या माश्या बाजूच्या फटीतून तोंड घालून मध चोरायच्या. मला हसू यायचं. संध्याकाळी हे आले तर तांदूळ तसाच, चूल थंड. "काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं. मी त्यांना हाताला धरून मागे नेलं. हे कान देऊन ऐकत राहिले. नंतर फक्त म्हणाले, "तुमच्या गडग्यासारखंच." त्यानंतर सुट्टीच्या दिवशी आम्ही चहा मागच्या पायरीवर घ्यायला लागलो.

हौसाबाई परत आल्या, नात झाल्याचे पेढे घेऊन, आणि वाफा बघून कपाळाला हात लावला. "निबार झाला की गं समदा! काप, आत्ता काप."

"नको," मी म्हटलं. "राहू दे. माश्या येतात."

"मव्हाच्या माश्या? आन् म्हशीनं काय माश्या खायच्या?"

मी हट्ट धरला. आमचं बरंच वाजलं. शेवटी शिमग्यापर्यंत थांबायचं त्यांनी कबूल केलं, पण तोंडाने पुटपुटत. वरचं दूध मात्र त्या दिवसापासून बंद झालं.

शिमगा झाला. सोमवार सहा दिवसांवर आला. मला विचाराल तर तेव्हाही माझं काहीच ठरलेलं नव्हतं. सकाळी वाटायचं राहावं, कोकणातून आईचं पत्र आलं की वाटायचं आजच निघावं. यांनी एकदाही विचारलं नाही, आणि न विचारण्याचाच मला राग यायचा. अशातच मंगळवारी मी नदीवर गोधड्या धुवायला गेले होते. परत आले तर मागीलदारी सगळं उजाड. वाफा चार बोटांवर कापलेला, कुंपणावर घास वाळत घातलेला, त्याच्या सुकत्या तुऱ्यांवर पाच-सात माश्या घोटाळत होत्या.

झालं होतं असं. सकाळी हौसाबाईंनी यांना विचारलं होतं, तुमी जानार म्हंत्यात, खरं का? आणि यांनी, माझा चेहरा आठवून, "बहुतेक जाऊ," असं सांगितलं होतं. मग हौसाबाईंनी विळा घेतला. जाणाऱ्याचं उभं पीक मागे राहून शेळ्यांच्या पायाखाली जावं हे त्यांच्या मनाला पटेना. तेवढंच आपण उरकून द्यावं, पोरीला जाताना घोर नको, अशा मायेने त्यांनी तो कापला होता. हे मला पुढे कळलं. त्या संध्याकाळी मी फक्त भडकले. यांना म्हटलं, "आता काय आहे इथे? नका करू सही."

"बरं," हे म्हणाले.

एवढंच म्हणाले. आरशामागचा कागद काढून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला, सोमवारी परत द्यायला. त्या रात्री मला त्यांच्या ‘बरं’चा फार त्रास झाला. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

आता विचार करते तर गंमत वाटते. या गावात जो तो दोन वर्षांसाठीच आला होता. लातूरकडचे, साताऱ्याचे, मालवणचे, सगळे जण ट्रंका न उघडताच राहत होते. दोन वर्षं करू, चार पैसे जमवू, परत जाऊ. जाणार जाणार म्हणता म्हणता त्यांची नातवंडं आता अमेरिकेतून इथे, ‘गावी’, येतात. नेमका कोणत्या दिवशी कोण राहिला हे कुणालाही विचारा, सांगता येत नाही. मला येतं.

हौसाबाई दोन दिवस आल्या नाहीत, जाऊच आली. त्यांच्याही कानावर माझा राग गेला असणार. शुक्रवारी त्या आल्या त्या मागच्या दारानेच, हातात ताकाचा लोटा. माझ्याशी न बोलता वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या. मी मागे जाऊन उभी राहिले. मग त्यांनी बोटाने एक बुडखा बाजूला करून दाखवला. कापलेल्या प्रत्येक देठाच्या बुडाशी हिरवे कोंब होते, तिळाएवढी तीन तीन पानं.

"चिडलीस म्हनं," त्या घासाकडे बघत म्हणाल्या. "अगं येडे, घास कापून मरतो व्हय? मुळी पार खाली ग्येलीया, पुरुषभर. योक डाव लावला का पाच वर्सं बघाया नगं."

"पाच वर्षं?"

"पाच. जास्तीच, पर कमी न्हाई."

मी खाली बसले. कोंबांवरून हात फिरवला. मनात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता, खरंच नव्हता. मी आपली हिशेब करत होते की वैशाखात पाणी पुरेल का, नळाला दिवसाआड येतं, तर न्हाणीचं पाणी चर काढून इकडे वळवता येईल का.

"पुन्हा फुलायला किती दिवस?" मी विचारलं.

"दीड म्हयना सोड, मंग बघ." हौसाबाईंनी बोटाने वाफ्याच्या मधोमध एक रेघ ओढली. "ह्या बारीला निम्मा तुझ्या माश्यांचा, निम्मा माझ्या म्हशीचा. रेघ वलांडायची न्हाई." आणि मग त्यांना काहीतरी आठवलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी घासावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. "पर तू तर चाललीस न्हवं?"

"कुठे?" मी विचारलं. आणि खरंच, क्षणभर मला आठवेना.